शांतीबाईनं पास केलेला सिनेमा

आमगावात स्टेशनाकडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला शांतीबाई टेंभरेचं शिलाईचं दुकान लागतं. एक मशीन, एक लाकडी पाट, आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांमध्ये बांधलेल्या दोरीवर ओळीनं टांगलेले ब्लाउज. बाई पन्नाशी ओलांडलेली, उंच, हातापायानं खणखणीत. फक्त एका जागी बसणं तिला जमत नाही. दोन बाह्या जोडल्या की उठते, रस्त्यावर डोकावते, समोरच्या चहावाल्याला उगाचच दूध आलं का विचारते, परत येऊन बसते. गिऱ्हाइकं म्हणतात, लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या बुडाला आहे.

अशा बाईला तीन तास अंधारात बसायचा नाद लागला, तो धंद्यापायी. पंचवीस वर्षांपूर्वी पोरी दुकानात यायच्या आणि म्हणायच्या, अमक्या सिनेमातल्या हिरोइनीसारख्या बाह्या पाहिजेत. फोटो दाखवायला तेव्हा मोबाइल नव्हते. मग शांतीबाई रविवारी गोंदियाची गाडी पकडायची, सिनेमाला बसायची आणि बाही कुठून उचलली आहे, पाठीला किती खोल गळा आहे, हे डोळ्यांनी मापून यायची. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिनं नुसत्या बाह्याच पाहिल्या. गोष्ट काय होती ते कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. मग हळूहळू बाहीच्या आतला हात दिसायला लागला, आणि तो हात खरा आहे की खोटा, हेही कळायला लागलं.

ती नेहमी कडेची खुर्ची घ्यायची. सिनेमा खोटा वाटायला लागला की तिचे पाय हलायला लागत, आणि फारच झालं की ती सरळ उठून बाहेर यायची. सोमवारी दुकानासमोरून जाणारी माणसं विचारायची, "बाई, उठल्या का बसल्या?" आमगावात कित्येक घरांनी या एका उत्तरावर तिकिटं काढली किंवा काढली नाहीत.

एकदा एक मोठा राजा-महाराजांचा सिनेमा आला. गोंदियात पंधरा दिवस हाउसफुल. शांतीबाई इंटरवलच्या आधीच बाहेर. शाळेतल्या नूतन मॅडम तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना राहवलं नाही.

"अहो, सगळं जग चांगलं म्हणून राहिलं. तुम्हीच काऊन उठल्या?"

"घोडे लई होते मॅडम," शांतीबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "राजा मरते, तव्हा त्याची रानी काय करते ते दाखवाले नोको? नाई दाखवलं. घोडेच धावून राहिले. मी का घोडे पाहाले गेली होती?"

दुसऱ्या एका सिनेमात हिरोइन रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करत होती. बांधीत गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी, आणि साडीचा काठ कोरडा. शांतीबाई बोलली, "त्या बनवनाऱ्यानं एक दिवस तरी वावरात जाऊन पाहाचं होतं. आमी रोवणी करनाऱ्या बाया आहो. आमाले काय दिसत नाई?"

आणि एक होता लहानसा सिनेमा. कुणी ओळखीचा नट नाही. एक म्हातारा हरवलेली म्हैस शोधत गावोगाव फिरतो, एवढीच गोष्ट. हॉलमध्ये सगळे मिळून आठ जण. शांतीबाई शेवटपर्यंत जागची हलली नाही. पुढच्या रविवारी ती वस्तीतल्या अकरा बायांना घेऊन गोंदियाला गेली, तर पोस्टर बदललेलं. शुक्रवारीच सिनेमा उतरवला होता. अकरा बाया सामोसे खाऊन परत आल्या. ती गोष्ट शांतीबाईला पुढे कित्येक महिने टोचत राहिली. आपल्याला जे खरं वाटतं ते आठ दिवसही टिकत नाही, आणि घोडे पंधरा दिवस धावतात, याचा राग कुणावर काढायचा हे तिला समजत नसे. मग ती नवऱ्यावर काढायची. सेवकरामभाऊ शांत माणूस. दोन एकर धान, सकाळ-संध्याकाळ वावर, आणि बाकी वेळ सुपारी. तो म्हणायचा, "म्हैस आपल्याही घरी आहे. ती पाहाले गोंदियाले काऊन जा लागते?"

सिनेमाला शांतीबाईच्या सोबतीला असायची रुख्मा. बाजारात मासे विकणारी, माहेर नवेगाव बांधचं. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा तिलक गोंदियाला वसतिगृहात. रविवारी सकाळचा माल संपला की ती शांतीबाईच्या दुकानामागच्या नळावर लिंबाची फोड हातांना घासघासून धुवायची आणि म्हणायची, "चाल वो, आता मी मेमसाब झाली." दोघी बारा वर्षं सिनेमाला गेल्या. दोघींचा स्वभाव उलटा. शांतीबाई उठायला लागली की रुख्मा तिचा पदर ओढायची. "बस वो. पंख्याखाली आहो, कायची घाई?" गाणी सुरू झाली की रुख्मा झोपायची, आणि पडद्यावर कुणी मरायला लागलं की जागी होऊन हसायची. एकदा नायिका शेवटचे श्वास घेत होती, सगळा हॉल मुसमुसत होता, आणि रुख्मा मोठ्यानं बोलली, "अवो, मरून राहिली तरी लिपस्टिक नाई पुसली!" पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या.

तिलक कॅमेरा शिकला. कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून एका माडीवर त्यानं लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ टाकला आणि तिथेच राहायला लागला. त्यानंतर वर्षभरात रुख्माला पोटाचा आजार निघाला. तिलक तिला कोहमाऱ्याला घेऊन गेला. सात महिने ती तिथे होती. शांतीबाई चार वेळा भेटून आली. प्रत्येक वेळी रुख्मा खाटेवर उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले, तोंडात काहीतरी वात्रटपणा. चौथ्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी ती गेली.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली, आणि गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिलक दुकानात आला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी.

"मावशी, सिनेमा बनवला," तो म्हणाला. "मायवर."

शांतीबाईच्या हातातली कात्री थांबली. तो भराभर सांगत राहिला. दोन वर्षं सुटीच्या दिवशी चार दोस्त मिळून नवेगाव बांधच्या तलावावर शूटिंग केलं. नाटकात काम करणारी भंडाऱ्याची एक बाई मायच्या कामाला घेतली. दीड तासाचा झाला आहे. येत्या रविवारी सकाळी गोंदियाच्या हॉलमध्ये एक खेळ ठेवला आहे.

"तुम्हाले याच लागते, मावशी. माय म्हने, शांती बसली तं सिनेमा पास."

ते चार दिवस शांतीबाईनं कसे काढले तिलाच माहीत. रुख्मा पडद्यावर दिसणार, याचा तिला आनंदही होता आणि धास्तीही. रविवारी तिनं सेवकरामभाऊलासुद्धा सोबत यायला सांगितलं, पण धानाची मळणी होती.

हॉल भरलेला होता. आमगाव, गोरेगाव, अर्जुनी, कुठून कुठून माणसं आली होती. सिनेमा सुरू झाला. तलावावर धुकं, पाण्यावर उतरणारे पक्षी, नाव वल्हवत निघालेली एक बाई. चित्र इतकं सुंदर की शांतीबाईलाही आपण हेच पाणी पाहिलं आहे यावर विश्वास बसेना. मग ती बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात गेली. लोकांनी नाकाला रुमाल लावले. ती रडली. मुलगा शाळेला गेला, ती चुलीपाशी रडली. मुलगा वसतिगृहात गेला, ती एसटीमागे धावली आणि रडली. पाऊस आला, मासे सडले, ती तलावाकाठी बसून रडली. ती कुणाला शिवी देत नव्हती. कुणाशी भांडत नव्हती. हसत तर नव्हतीच.

शांतीबाईचे पाय हलायला लागले. तिनं एका पायावर दुसरा दाबून धरला. आतापर्यंत ती हॉलमध्ये एक गोष्ट नेहमी बघायची. सिनेमा पडायला लागला की अंधारात मोबाइल पेटतात. आधी एक, मग तीन, मग दहा. तिनं मान वळवून मागे बघितलं. एकही मोबाइल पेटलेला नव्हता. माणसं नाक ओढत होती. शेजारची अनोळखी बाई पदर तोंडात धरून हुंदके देत होती. शांतीबाई अर्धी उठली. दाराशी तिलक उभा होता, भिंतीला टेकून, आणि पडद्याकडे नाही तर तिच्याकडेच बघत होता. ती खाली बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठायला झाली, पुन्हा बसली. पडद्यावर काय चाललं आहे इकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

बाहेर उन्हात लोक तिलकला मिठ्या मारत होते. शांतीबाई कडेनं सटकायला बघत होती, तेवढ्यात तो समोर आला. त्याच्या दोस्तानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"मावशी, सांगा. कसा झाला?"

तिलकच्या भुवया अगदी रुख्मासारख्या. त्या दोन्ही वर गेल्या होत्या, वाट बघत.

"चांगला आहे," शांतीबाई म्हणाली. आणि तेवढ्यानं कुणी हलेना म्हणून पुढे बोलली, "सगळ्यांनी पाहा."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आमगावभर फिरला. खाली लिहिलेलं, शांतीबाईनं पास केलेला सिनेमा. सोमवारी दुकानात जो तो तेच. नूतन मॅडम म्हणाल्या, "तुमच्या तोंडून कौतुक! आता तर पाहायलाच पाहिजे." चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. शांतीबाई मशीनवर बसली, उठली, पुन्हा बसली. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते त्या आठवड्यात झालं. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या. उसवायला घेतल्या, तर कापडच फाटलं.

"कायचा त्रास होऊन राहिला तुले?" सेवकरामभाऊनं विचारलं.

"सिनेमाचा."

"सिनेमा तं रविवारीच संपला ना?"

"तुमाले नाई समजाचं."

"मंग ज्याले समजते त्याले सांग," सेवकराम म्हणाला आणि सुपारी कातरायला लागला.

गुरुवारी तिनं दुकानाला कुलूप घातलं. गोंदियापर्यंत गाडी, तिथून कोहमाऱ्याची एसटी. बसमध्ये तिनं तीनदा जागा बदलली. खिडकीतून ऊन येतं म्हणून, मग चाकावर धक्के बसतात म्हणून, मग कशासाठीच नाही. मनात वाक्यं जुळवत होती. आधी पाखरांचं कौतुक करावं. मग हळूच सांगावं. कोहमाऱ्याच्या चौकात उतरली तेव्हा एवढे ट्रक हॉर्न वाजवत होते की जुळवलेलं सगळं विसरली.

तिलक कॉम्प्युटरसमोर होता. पडद्यावर एक नवरी हळदीनं माखलेली, तोंड उघडं, थांबवून ठेवलेली.

"मावशी! अचानक?"

"मी खोटं बोलली," शांतीबाई दारातूनच म्हणाली. "सिनेमा चांगला नाई."

तिलकनं खुर्ची वळवली. "बसा आधी."

"नाई बसत. तुही माय इतकी रडत नव्हती रे. तू तिले पानीच पानी करून टाकलं. बारा वर्सं मी तिच्यासंगं होती. ती बाजारात उभी राहाची तं मोठे मोठे मानसं भाव कराले भेत. आनि तुया सिनेमात लोकं नाकाले रुमाल लावतेत अन् ती मुंडी खाली घालते? रुख्मा? तिनं तोच रुमाल त्याच्या तोंडात कोंबला असता!"

तिलकचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "हॉलमधी सगळे रडले, मावशी. सगळे. तुम्हाले एकटीले समजलं, आनि बाकीचे येडे?"

"सगळे रडले म्हनून खरा होते का?"

"तुम्हाले सिनेमातलं काय समजते? तिकीट काढून बसनाऱ्या बाईले?"

"तिकीट काढून बसते म्हनूनच समजते. तू फुकट दाखवला म्हनून मी खोटं बोलली."

खाली ढाब्यावर कुणीतरी पोळ्यांची ऑर्डर ओरडलं. तिलकनं कॉम्प्युटरवरची नवरी बंद केली. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"तुम्ही चारदा आल्या होत्या. चारही डाव ती हासली. बरोबर?"

"हो."

"तुम्ही येनार असं समजलं की ती सकाळपासून तयारी करे. मले केस विंचराले लावे. दुखन्याची गोळी आधीच घेऊन ठेवे, तुमच्यासमोर कळ येऊ नोको म्हनून. आनि तुम्ही खाली उतरल्या की भिंतीकडे तोंड करून रडे. दोन दोन दिवस." त्यानं खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. खाट तिथे होती. "मी पाचवीपासून वसतिगृहात. बाजारातली माय मी पाहिलीच नाई, मावशी. सुटीत आलो की ती मले घरी बसवे. मले सात महिने भेटली ती, आनि सातही महिने रडनारी भेटली. मी तिलेच दाखवलं. दुसरी माय माह्याजवळ नाईच, तं कुठून आनू?"

चहा आला होता, तो तिनं घेतला नाही. "गाडी चुकीन," एवढंच म्हणून ती जिना उतरली. गाडीला अजून दीड तास होता. ती चौकात उभी राहिली, ट्रक मोजायला लागली, सोडून दिलं, ढाब्याच्या बाकावर बसली, उठली.

तिला एक गोष्ट आठवली होती. चारही भेटींत रुख्मानं तिला लवकर काढून दिलं होतं. "जा वो, तुही गाडी चुकीन. सेवकराम उपाशी राहीन." आणि दरवेळी गाडीला भरपूर वेळ असायचा. शांतीबाईला तेव्हा वाटायचं, दुखण्यातही हिला आपली काळजी. आता वाटलं, ती आपल्याला बाहेर ढकलत होती. गोळीचा असर उतरायच्या आत. बारा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेली बाई, आणि तिकीट काढून आलेल्या परक्याला दाखवावं, तेवढंच तिनं आपल्यालाही दाखवलं.

कोहमाऱ्याला जाऊन मन मोकळं होईल असं वाटलं होतं, ते उलटंच झालं. आता खोटं बोलल्याचं ओझं नव्हतं, पण आपण बोललो ते तरी खरं होतं का, हे कळेना. दुकानात ती मशीनचा पाय मारता मारता थांबायची. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायची. ही इथे हसते, घरी काय करते?

सिनेमा तिकडे चालायला लागला. तिलक आणि त्याचे दोस्त पडदा, मशीन आणि दोन स्पीकर गाडीत टाकून गावोगाव जायचे. मंगल कार्यालयं, शाळेचे हॉल, समाजभवनं. दिवसाचे दोन-दोन खेळ. पुण्याच्या कुठल्या महोत्सवाला पाठवला होता तिथे घेतला नाही, पण तिरोड्याला खुर्च्या कमी पडल्या. उर्वशी नावाची एक मुलगी लग्नाचे ब्लाउज शिवायला आली, सोबत तिची आई. आई मापं देता देता म्हणाली, "बाई, तुम्ही पास केलेला सिनेमा पाहिला. माही माय अशीच होती. डिट्टो. कधी कोनाले उलटून बोलली नाई, फक्त चुलीपाशी रडे. मी हिले म्हटलं, पाह्य, तुही आजी."

शांतीबाई टेप धरून उभी राहिली. रुख्माच्या जागी दुसऱ्याच कुणाची आई त्या पडद्यावर जाऊन बसली होती, आणि ती आईही खरीच होती. हे तिला मान्य करावं लागलं. बरं मात्र वाटलं नाही. चालणारा सिनेमा आणि खरा सिनेमा यातला फरक आपल्याला कळतो, असं तिला पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. आता फरक होता, पण रेघ कुठे मारायची ते दिसेना.

फेब्रुवारीत कळलं, रविवारी दुपारी नवेगाव बांधला खेळ आहे, रुख्माच्या माहेरात. शांतीबाईनं कुणाला सांगितलं नाही. सकाळी निघाली, दोन गाड्या बदलल्या. समाजभवनाच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं होतं. दारात तिलकचा दोस्त तिकिटं देत होता. त्यानं ओळखून हात मागे घेतला. शांतीबाईनं पैसे देऊन तिकीट मागून घेतलं.

सतरंजीवर बायांमध्ये ती बसली. पुन्हा धुकं, पुन्हा पक्षी. इथल्या लोकांना पक्ष्यांचं काही नव्हतं, ते आपापली घरं शोधत होते. "ते पाह्य, सुखदेवची नाव!" मधेच हशा. चुलीपाशी रडणं आलं, एसटीमागे धावणं आलं. शांतीबाईचे पाय हललेच, पण सतरंजीवर मांडी घातली की पळायला जागा नसते.

शेवटाकडे एक प्रसंग होता. पहिल्यांदा तिनं तो बघितलाच नव्हता, तेव्हा तिची नजर दाराकडे होती. मुलगा प्लास्टिकच्या टपात आजारी आईचे पाय धुतो. आई बोलत नाही, रडतही नाही. मुलाचे हात तळव्याला लागतात तशी ती पायाची बोटं आत ओढून घेते आणि तोंड भिंतीकडे फिरवते. लाज वाटल्यासारखं. आयुष्यभर माशांचा वास घालवायला लिंबू घासणाऱ्या बाईचे पाय दुसरं कुणी धुतंय, याची लाज. स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला सुचणार नाही अशी ती गोष्ट होती. ती रुख्मा होती. भंडाऱ्याची बाई नव्हती.

खेळ संपल्यावर तिलक वायरी गुंडाळत होता. तिला बघून त्यानं हातातलं काम सोडलं नाही.

"उठल्या नाई," तो म्हणाला.

"सिनेमा लंबा झाला," शांतीबाई म्हणाली. "रडनं लई आहे. पाखरं लई आहेत."

"पाखरं कमी करता येतीन."

"पन ते टपातले पाय खरे आहेत. तेवडे मी नाई पाहिले कधी. तू पाहिले."

तिलकनं वायरीचं वेटोळं खाली ठेवलं. शांतीबाईला आणखी काहीतरी सांगायचं होतं, ते नीट सुचेना, म्हणून तिनं जे आठवलं ते सांगितलं. एकदा बाजारात एका हवालदारानं रुख्माचे झिंगे फुकट मागितले. रुख्मानं विचारलं, कायच्यात देऊ? तो म्हणाला, दे कायच्यातही. तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली, तीत ओले झिंगे भरले आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "सांभाळून जा साहेब, ताजे आहेत, चालतेत." हवालदार बाजारभर टोपी दाबून पळाला.

तिलक आधी हसला, मोठ्यानं. मग वळला आणि स्पीकरमागे जाऊन उगाच काहीतरी शोधायला लागला. थोड्या वेळानं तिथूनच त्यानं विचारलं, "कोन्या साली?"

"साल कोन ध्यानात ठेवते? तू सातवीत असशीन."

"आनखी आहेत का अशा गोष्टी?"

"पुष्कळ आहेत. दुकानात ये. पन मशीन चालू असते, मी हात थांबवून नाई सांगत."

तो येतो आता, महिन्यातून एखाद्या वेळी. कधी मोबाइल चालू करून ठेवतो, कधी नुसताच ऐकतो. दुसरा सिनेमा करणार का, हे त्यानं सांगितलेलं नाही आणि तिनंही विचारलेलं नाही. पहिला तसाच चालू आहे, पाखरांसकट.

नवेगाव बांधहून परतली त्या दिवशी शांतीबाई घरी पोचली तेव्हा दिवस नुकताच मावळत होता. सेवकरामभाऊ अंगणात म्हशीला कुटार टाकत होता. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"मी तुमच्यासमोर कधी रडली का?" तिनं विचारलं.

सेवकरामनं विचार केला. त्याला वेळ लागतो. "समोर नाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"रुख्मा गेली तव्हा. मांगच्या परसात, धुन्याच्या गोट्यावर बसून. तुले वाटलं मी वावरात गेलो. मी विळा विसरला म्हनून वापस आलो होतो."

"मंग आले काऊन नाई? बोलले काऊन नाई?"

"तू तोंड भिंतीकडे करून होती," सेवकराम म्हणाला. "मी विळा नाई घेतला. तसाच गेलो."

म्हैस कुटार ओढायला लागली. शांतीबाई उंबऱ्यावर बसली आणि त्याला म्हणाली, हात धुऊन इथं या जरा.